पॉलिथिनचे छप्पर आणि माळव्याची थंडी

इ. स. १६१७ च्या प्रारंभी मांडवगडाकडे जाणारा जहांगीर बादशहा उज्जैनच्या परिसरात थांबला आणि तेथील जदरूप नावाच्या गोसाव्याची त्याने मुद्दाम भेट घेतली. पुढे तीन वर्षांनी हाच बादशहा काश्मीरात होता, आणि तेथील फळांची हकीकत आपल्या आत्मचरित्रात लिहीत होता. चेरी हे फळ काश्मीरात पूर्वी नव्हते, अकबराच्या अमदानीत ते काबूलहून आणून लावण्यात आले, असे तो सांगतो. काबूलची चेरी काश्मीरात रुजली, कारण दोन्हीकडे हिवाळा कडक. माळव्यात मात्र ती बादशाही हुकमानेही रुजली नसती.

बादशहाला जे साधले नसते ते आज पॉलिथिनच्या कापडाने साधेल काय, असा प्रश्न आता विचारला जातो. इंग्लंडातील केंट आणि हेरफर्डशायर या परगण्यांत चेरी, रास्पबेरी, स्ट्रॉबेरी ही नाजूक फळे लांबच लांब पॉलिथिनच्या बोगद्यांखाली पिकविली जातात. त्यांची चित्रे पाहून गहू, सोयाबीन, हरभरा आणि लसूण घेणाऱ्या उज्जैनच्या शेतकऱ्याला मोह पडावा, हे स्वाभाविक आहे. परंतु अशा बांधणीला एकरी काही लाख रुपये लागतात. सरकारी अनुदान मिळाले तरी उरलेले कर्ज शेतकऱ्याच्याच शिरावर राहते. म्हणून लोखंडी नळ्या विकत घेण्यापूर्वीच या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असलेले बरे.

पॉलिथिनचा शोध १९३३ साली इंग्लंडातील एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला. १९४८ साली अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमर्ट या अध्यापकाने महागड्या काचेऐवजी सेलोफेनचे हरितगृह उभारले, आणि काही वर्षांतच त्या जागी पॉलिथिन आले. कमानीसारख्या वाकविलेल्या नळ्यांवर हे कापड ताणले की बोगदा तयार होतो. त्याची कामे मुख्यतः दोन. वरून येणारे पाणी आणि गारा तो अडवितो, आणि आत आलेली उन्हाची ऊब काही काळ धरून ठेवतो.

इंग्लंडात या दोन्ही गोष्टींची निकड आहे. तेथे चेरी ऐन पिकते तेव्हाच पाऊस येतो. पिकलेल्या फळात साखर असते; पावसाचे पाणी सालीतून आत शिरते, फळ फुगते आणि तडकते. एका सरीत वर्षाचे उत्पन्न हातचे जाते. शिवाय डिसेंबरात लंडनला सूर्य भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. उज्जैनला तो त्याच दिवशी ४३ अंशांवर असतो. तात्पर्य, इंग्लंडातील बागाइतदाराला ऊन कमी आणि पाऊस नको तेव्हा. थंडी मात्र त्याला हवी तेवढी फुकट मिळते.

आणि चेरीचे सारे मर्म या थंडीतच आहे. पानगळ झाल्यावर चेरीचे झाड निद्रिस्त होते. सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खालच्या थंडीचे तास जणू त्याच्या कळ्या मोजीत असतात. बहुतेक जातींना असे ७०० ते १००० किंवा त्याहूनही अधिक तास लागतात. ही मोजणी पुरी झाली नाही, तर वसंतात कळ्या मागेपुढे फुटतात, फुले तुरळक येतात आणि फळ धरत नाही. उज्जैनला जानेवारीत पहाटेचे सरासरी तापमान ९-१० अंशांच्या आसपास असते, आणि दुपारी ते पंचविशीच्या पुढे जाते. पहाटेच्या थोड्या तासांत जमविलेली थंडी दुपारचे ऊन बऱ्याच अंशी पुसून टाकते. त्यावर पॉलिथिनचे छप्पर घातले, तर ऊब वाढेल आणि थंडी आणखी उणावेल. जे औषध म्हणून आणावयाचे, तेच येथे रोग वाढवील.

दोनतीनशे तासांच्या थंडीवर भागणाऱ्या चेरीच्या जाती कॅलिफोर्नियात निघाल्या आहेत, हे खरे. परंतु पुढील वर्षाच्या कळ्या उन्हाळ्यात घडतात, आणि त्या वेळी उष्मा फार झाला तर जोडफळे व वेडीवाकडी फळे निपजतात. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या उज्जैनने या जातींवर भरवसा ठेवू नये, हेच शहाणपणाचे.

स्ट्रॉबेरीची गोष्ट वेगळी. तिला दीर्घ हिवाळ्याची अट नाही. थंड रात्री आणि सौम्य दिवस एवढ्यावर ती समाधानी असते. महाबळेश्वर-पाचगणीच्या शेतकऱ्यांनी या फळावर संसार उभे केले, आणि २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. उज्जैनला महाबळेश्वरची उंची नाही, परंतु ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ स्ट्रॉबेरीला मानवण्याजोगा आहे. खरी अडचण जमिनीची. स्ट्रॉबेरीला निचऱ्याची आणि किंचित आम्लधर्मी माती आवडते. माळव्याची काळी माती चिवट, पाणी धरून ठेवणारी आणि अल्कधर्मी. म्हणून कुजलेले शेणखत भरपूर घालून उंच गादीवाफे करावे लागतात, त्यांवर मल्चिंगचा कागद अंथरावा लागतो आणि ठिबकने पाणी बेताने द्यावे लागते. एवढे केले नाही, तर पाने पिवळी पडतात आणि मुळे कुजतात.

येथे मोठ्या बोगद्याची नव्हे, तर गुडघाभर उंचीच्या छोट्या बोगद्याची गरज आहे. त्याला शेतकरी लो टनेल म्हणतात. कडाक्याच्या थंडीत, मावठ्याच्या पावसात आणि गारपिटीच्या भीतीच्या दिवसांत ते वाफ्यांवर ओढावयाचे. सकाळी ऊन चढले की बाजू वर करावयाच्या. हा नेम चुकला तर दुपारी आत भट्टी पेटते. मधमाश्यांना वाट मिळाली नाही, तर फळे वाकडी भरतात. आत दमट हवा कोंडली, तर करड्या बुरशीने फळे सडतात. आणि हवा कोरडी व उबदार राहिली, तर लाल कोळी व भुरी यांचा उपद्रव वाढतो. छपराखालची शेती ही राखणीची शेती आहे.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. फालसा हे माळव्याच्या उन्हाला सरावलेले नाजूक फळच आहे. हिवाळ्यात छाटणी केली की उन्हाळ्याच्या तोंडी ते फळते. त्याला ना थंडीचे तास लागतात, ना छप्पर. ते दूरच्या बाजारात जात नाही, कारण तोडल्यावर एकदोन दिवसांतच ते बिघडते. परंतु स्ट्रॉबेरीही फार काळ टिकत नाही. पहाटे तोडलेले फळ त्याच दिवशी उज्जैनच्या अथवा ५५ किलोमीटरवरील इंदूरच्या बाजारात पोहोचविण्याची सोय ज्याच्यापाशी आहे, त्यालाच यात चार पैसे दिसतील. इतरांनी आरंभी चार गुंठ्यांहून अधिक धाडस करू नये.

पॉलिथिन पाऊस थोपविते, गारा झेलते, ऊब राखते. पण त्याला हिवाळा निर्माण करता येत नाही. इंग्लंडातील बागाइतदाराने आपल्या आकाशाची उणीव ओळखून छप्पर घातले. उज्जैनच्या शेतकऱ्याने त्याच्याकडून छप्पर घेण्याआधी आपली उणीव ओळखण्याची ही रीत घ्यावी. आधी हवा पाहावी, मग पीक ठरवावे, आणि सर्वांत शेवटी नळ्यांचा भाव विचारावा.