रूळ गेले, चढ राहिला

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा ‘ओटागो सेंट्रल रेल ट्रेल’ हा क्लाइड ते मिडलमार्च असा सुमारे १५० किलोमीटरचा पायी आणि सायकलने जाण्याचा मार्ग पूर्वी लोहमार्ग होता. ओटागोत १८६१ मध्ये सोने सापडले आणि आतल्या रुक्ष पठारावर वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांना डुनेडिन शहराशी जोडण्यासाठी १८७९ मध्ये विंगाटुई येथून रेल्वेचे काम सुरू झाले. टायरी नदीच्या अरुंद दरीतून काढलेला मार्ग मिडलमार्चला १८९१ मध्ये, क्लाइडला १९०७ मध्ये आणि क्रॉमवेलला १९२१ मध्ये पोहोचला. तोवर सोन्याचा बहर ओसरला होता. वाघिणी भरू लागल्या त्या मेंढ्या, लोकर आणि फळांनी.

पुढे हा माल ट्रककडे वळला. क्रॉमवेलकडचा टप्पा १९८० मध्ये बंद झाला. क्लाइडच्या धरणासाठी लागणाऱ्या साहित्याने उरलेला मार्ग काही वर्षे तगला, पण ३० एप्रिल १९९० रोजी क्लाइड ते मिडलमार्च वाहतूकही थांबली आणि रूळ उखडण्यात आले.

मोकळा पट्टा १९९३ मध्ये सरकारच्या संवर्धन विभागाकडे आला. मार्ग शेतांमधून जात असल्याने सुरुवातीला काही शेतकऱ्यांचा विरोध होता. पुढच्या वर्षी स्थापन झालेल्या न्यासाने देणग्या जमवल्या. रुळांखालच्या जाड खडीवरून सायकल चालत नाही, म्हणून वर बारीक खडी दाबून बसवली. पुलांवर फळ्या ठोकल्या, कठडे लावले. फेब्रुवारी २००० मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला.

वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे. त्यामुळे येथे ५० मीटर अंतरात १ मीटरपेक्षा जास्त चढ कोठेच नाही. वेडरबर्नजवळ मार्ग ६१८ मीटर उंची गाठतो, तरी सराव नसलेला सायकलस्वारही तेथे पोहोचतो. पूलबर्न नदीवरचा दगडी खांबांचा पूल ३७ मीटर उंच आहे. त्याच्या जवळच्या बोगद्यांत दिवे नसल्याने बॅटरी सोबत ठेवावी लागते.

पूर्ण अंतर कापायला सायकलने तीन ते पाच दिवस लागतात, म्हणजे वाटेतल्या गावांत मुक्काम आलाच. रेल्वे बंद पडल्यावर उतरणीला लागलेल्या या गावांत जुन्या इमारती निवासासाठी वापरात आल्या, खानावळी आणि सायकली भाड्याने देणारी दुकाने निघाली. या यशाचा दाखला समोर असतानाच न्यूझीलंड सरकारने २००९ मध्ये देशभर सायकलमार्गांचे जाळे उभारण्याची योजना हाती घेतली.