मीटरच्या अलीकडे, मीटरच्या पलीकडे

श्रोतेहो, मुंबईला पाणी येते ते बव्हंशी शहापूरकडच्या तानसा-भातसासारख्या दूरच्या तलावांतून. शिवाजी पार्कच्या मैदानाभोवतालच्या इमारतींत पाहा: पाणी शुद्ध करून मीटरपर्यंत पोचविणे महापालिकेचे काम. पुढचा पंप नि गच्चीवरची टाकी घरवाल्यांची. टाकीचे झाकण उघडे राहिले, तर दोष तानसाला कसा द्यायचा?

‘क्लाउड’चेही असेच आहे. आभाळाकडे पाहू नका बरं का! दुसऱ्याच्या इमारतीतले, भाड्याने घेतलेले संगणक, एवढाच त्याचा अर्थ. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी केंद्रे उघडली. इमारत, वीज, यंत्रांची दुरुस्ती मालक पाहतो. किल्ली कोणाला द्यायची, हे भाडेकरू ठरवतो.

२०२४ साली स्नोफ्लेक कंपनीकडे ठेवलेली अनेक संस्थांची माहिती चोरीस गेली. चोरांनी भिंत फोडली नाही. त्या संस्थांचेच परवलीचे शब्द मिळवून ते सरळ दारातून आत आले. सुमारे १६५ संस्थांना सावध करावे लागले. कित्येक शब्द वर्षानुवर्षे बदललेले नव्हते, आणि मोबाइलवरून ओळख पटविण्याचे दुसरे कुलूप लावलेलेच नव्हते. माझ्या मते मालकानेही ते आधीच सक्तीचे करायला हवे होते. नव्या खात्यांसाठी त्याने पुढे ते केले.

गुरुजी, शाळेच्या पटाची माहिती अशा ठिकाणी ठेवलीत, तर लेखनिक बदलून जाईल त्याच दिवशी त्याचे खाते बंद करा. यंत्राचा मालक ते करायला येणार नाही.