बांबूची सायकल : शंका घ्यावी, पण ती योग्य जागी

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत बांबू ठाऊक नाही असा माणूस मिळणार नाही. सूप, टोपली, तट्टा, शिडी, मांडव, गाडीची साटी, सगळीकडे बांबूच. परंतु याच बांबूची सायकल होते असे सांगितले, की याच जिल्ह्यांतला माणूस प्रथम हसतो आणि मग विचारतो, "काय भाऊ, खड्ड्यात गेली तर तुटणार नाही का?" प्रश्न रास्त आहे. या व्यवसायात काही अर्थ आहे की केवळ हौस आहे, हे अशाच प्रश्नांतून ठरते. म्हणून आम्ही आज ते प्रश्नच वाचकांपुढे मांडत आहोत.

आपल्या राज्यात हे काम पुण्यात झाले आहे. हवाई दलात नोकरी केलेले शशिशेखर पाठक यांनी मागील दशकात हाताने बांबूच्या सायकली बनवायला घेतल्या आणि त्यांना 'बांबूची' असे साधे, सहज तोंडात बसणारे नाव दिले. या सायकलीची चाके, चेन, पायडल, ब्रेक बाजारातलेच असतात. वेगळी असते ती फक्त फ्रेम. पोलादी नळ्यांच्या जागी बांबूच्या नळ्या बसवलेल्या असतात.

कल्पना मात्र नवी नाही. इंग्लंडमध्ये १८९४ सालीच बांबूच्या सायकली विक्रीला आल्या होत्या. पुढे पोलादी नळी स्वस्त झाली आणि बांबू मागे पडला. शंभर वर्षांनी, १९९५ च्या सुमारास, अमेरिकेतील फ्रेम कारागीर क्रेग कॅल्फी यांनी तो पुन्हा हाती घेतला. त्यांच्या कुत्र्याने एक बांबू खूप चावला, तरी त्यावर दातांच्या खुणांपलीकडे काही झाले नाही. त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली, असे ते सांगत आले आहेत. आफ्रिकेतील घाना देशात बर्निस डापा यांच्या संस्थेने या कामातून तरुणांना आणि स्त्रियांना रोजगार दिला. इंडोनेशियात सिंगीह कार्तोनो यांनी गावात राहून 'स्पेडागी' नावाची सायकल तयार केली. जून २०२२ मध्ये त्या देशाचे अध्यक्ष आणि ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बोगोरच्या राजवाड्याच्या आवारात बांबूच्या सायकलींवर एकत्र फिरले. तेव्हा ही चेष्टेची वस्तू नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल.

आता शंकांकडे वळू. पहिली शंका मजबुतीची. बांबू लांबीच्या दिशेने ओढला तर सहजासहजी तुटत नाही, कारण त्याचे तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग असतात. शिवाय रस्त्याचे हादरे तो काही प्रमाणात स्वतः पचवतो. त्याची दुखरी बाजू वेगळी आहे. तो उभा चिरतो. म्हणून "बांबू तुटेल का" यापेक्षा "बांबू चिरेल का आणि सांधा सुटेल का" हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

बांबूला वेल्डिंग करता येत नाही. साच्यात नळ्या बसवून त्यांच्या सांध्यांवर ताग, अंबाडी किंवा कार्बनचे तंतू इपॉक्सी राळेत भिजवून घट्ट गुंडाळतात, राळ वाळली की घासून गुळगुळीत करतात. जिथे आटे लागतात, म्हणजे पायडलचा एक्सल, हँडलचा चिमटा आणि मागचे चाक, तिथे धातूचे तुकडे आत बसवावेच लागतात. सगळी कसोटी या सांध्यांची असते. गुंडाळताना हात आखडला, राळेचे प्रमाण चुकले किंवा बांबू ओला राहिला, तर फ्रेम वर्षभरात बोलू लागते.

दुसरी शंका किडीची आणि पाण्याची. ती आपल्या बुरूड बांधवांना कोणी शिकवायला नको. कोवळ्या बांबूत पिठूळ अंश जास्त असतो, त्यालाच घुण लागतो. म्हणून किमान तीन वर्षांचा पक्का बांबू घ्यावा, पावसाळा संपल्यावर तोडावा, बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवावा आणि सावलीत सावकाश सुकवावा. वरून वार्निशचा हात दिला की पाण्याची भीती बरीच कमी होते. आपल्याकडे आणखी एक पथ्य आहे. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. दमट हवेत घाईने सुकवलेला बांबू अशा उन्हात भेगाळतो. याच हवेत पूर्ण सुकलेल्या बांबूला ती भीती कमी. इथला मानवेल जाड भिंतीचा, काही ठिकाणी जवळजवळ भरीव असतो, लाठीला म्हणूनच तो पसंत केला जातो. फ्रेमसाठी मात्र वजन आणि मजबुती यांचा मेळ पाहून नळ्या एकेक निवडाव्या लागतील.

तिसरी शंका किमतीची, आणि ती सर्वांत खरी. अशी सायकल कारखान्याच्या साध्या सायकलीपेक्षा कितीतरी महाग पडते. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना मिळणाऱ्या सायकलींशी किंवा मजुराच्या दणकट सायकलीशी ती स्पर्धा करू शकणार नाही. तिचे गिऱ्हाईक शहरातला हौशी माणूस, पर्यटक किंवा परदेशी ग्राहक.

इथे एक हिशेब वाचकांनी मनाशी करून पाहावा. एका फ्रेमला तीन मुख्य नळ्या आणि मागच्या चार बारीक नळ्या लागतात. सगळ्यांची लांबी मिळून जेमतेम साडेतीन मीटर. म्हणजे एक पूर्ण बांबूही लागत नाही. हजार सायकली झाल्या तरी हजार बांबूंच्या आतबाहेरच काम भागेल. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीने या जंगलांतून टनांच्या हिशेबाने बांबू नेला, त्यापुढे ही मागणी काहीच नाही. तेव्हा सायकलीमुळे जंगलातला बांबू खपेल अशी आशा कोणी धरू नये. किंमत बांबूला मिळत नाही, ती हाताला मिळते. गिरणीत सरळ बांबू आणि वाकडा बांबू एकाच लगद्यात जातात. फ्रेमच्या कामात सरळ, पक्का, नीट सुकवलेला बांबू निवडणाऱ्या डोळ्याला आणि सांधा बांधणाऱ्या बोटांना दाम आहे.

प्लॅस्टिकच्या टोपल्या आणि बादल्या आल्यापासून बुरूडकाम करणाऱ्या घरांची मिळकत आटली आहे. त्यांच्या दृष्टीने हा मुद्दा छोटा नाही. पूर्वी कच्चा माल मिळवणे हीच अडचण होती, कारण १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोडत असे. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१७ साली जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. माल आहे, कायद्याची वाट मोकळी झाली आहे. उणीव आहे ती वेगवेगळ्या हुन्नरांची गाठ पडण्याची.

बुरुडाला बांबू कळतो, पण सायकलीची मापे कळत नाहीत. आमच्या वाचकांत सायकल दुरुस्तीची दुकाने चालवणारे बरेच आहेत. त्यांना चाकाची सरळ रेषा, एक्सलची जागा आणि चिमट्याचा कोन डोळे मिटून कळतो, पण बांबू कळत नाही. धातूचे तुकडे लेथवर कातून देणारा फिटर तिसरा. हे तिघे एका छपराखाली आले तरच फ्रेम होईल. एकट्याने करू पाहणारा पैसा घालवून बसेल.

कोणाला हे काम करून पाहायचे असेल त्यांना आमचा सल्ला सरळ आहे. आधी एकच फ्रेम बनवा आणि ती विकू नका. पोत्याचे वजन लादून ती स्वतः एक उन्हाळा व एक पावसाळा चालवा. सांधे दर महिन्याला तपासा. कर्ज काढून यंत्रे घेऊ नका, या कामाला साचा, कानस आणि धीर लागतो. पुढे ऑर्डर मिळाली तरच माल बनवा आणि दुरुस्तीची हमी लेखी द्या. बांबूची नळी चिरली तर गावचा वेल्डर ती जोडू शकत नाही, ती कापून नवी बसवावी लागते. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलेले बरे.

सायकल जमली नाही तरी शिकलेला सांधा वाया जात नाही. खुर्ची, खाट, चाकाची खुर्ची, हातगाडी, सगळ्यांना मजबूत आणि हलका सांधा लागतोच. लोक हसतील, प्रश्न विचारतील. त्यांतला सांध्याचा प्रश्न तेवढा मनावर घ्यावा, कारण त्याच्या उत्तरावरच हा धंदा उभा राहणार आहे.