घरातली बंदूक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बंदूक कोणती घ्यावी, असे लोक मला विचारतात. लष्करात मी बरीच वर्षे हत्यारे दुरुस्त करण्याचे काम केले आणि निवृत्तीनंतर गावी आलो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. आमच्या कोल्हापूर, सिंधुदुर्ग भागात रानडुकरांचा आणि गव्यांचा शेतीला उपद्रव आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका अनेक घरांत आजोबांपासून चालत आलेल्या आहेत. मी उलट विचारतो, ठेवणार कुठे? याचे उत्तर ज्याच्याजवळ तयार नाही, त्याने बंदूक घेऊच नये असे माझे मत आहे. राखणीला बंदूक जाते ती रात्रीचे चार तास. उरलेला वेळ ती घरात असते, आणि घरात मुले असतात.

आधी कायद्याचे उरकून घेऊ. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात. पूर्वी तीन चालत. परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षे झाली. वरातीत हौसेने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे, हेही सांगायला हवे. जनावर मारायचे तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. राखणीचे बहुतेक काम नुसत्या आवाजावर भागते.

आता निवडीचे. रिव्हॉल्व्हर कमरेला लावून मिरवण्याची हौस अलीकडे वाढलेली दिसते. मला ती पटत नाही. शेतकऱ्यापुढे खरी निवड असते ती ठासणीची बंदूक आणि बारा बोअरची काडतुसाची बंदूक यांत. बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअरची नळी. म्हणूनच वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते. हा उलटा हिशेब ध्यानात ठेवा, कारण त्यात एक मोठा धोका दडला आहे. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकले, तर ते पुढे घसरते आणि मध्येच अडकते. बंदूक रिकामी समजून माणूस मागून बारा बोअरचे भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते, ती डाव्या हाताच्या बोटांजवळ. तेव्हा दोन मापांची काडतुसे एका खिशात कधीही नकोत.

जुनी दुनळी स्वस्तात मिळाली म्हणून आनंदून जाऊ नका. लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या नळ्या काळ्या दारूसाठी होत्या. आजच्या काडतुसाचा दाब त्यांना सोसेलच असे नाही. शिवाय काही जुन्या बंदुकांत काडतुसाची खोबण ६५ मिलिमीटरची असते. आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस तिच्यात सहज बसते, आणि तिथेच फसगत होते. ते माप उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचे असते. तोंड उघडायला जागा मिळाली नाही की दाब वाढतो. माहीतगार कारागिराने नळी आणि खोबण मोजल्याशिवाय व्यवहार करू नका.

वापराबाबत, बंदूक हातात आली की ती भरलेलीच आहे असे धरायचे, दुसऱ्याने रिकामी आहे म्हणून सांगितले तरी. नळीचे तोंड माणसाकडे नको आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. रात्री झुडपात खसफस झाली की बार काढायचा नाही. डुक्कर समजून सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. बॅटरीच्या उजेडात जनावर पुरते दिसले पाहिजे आणि त्याच्या मागे काय आहे तेही. बांध किंवा कुंपण ओलांडताना दुनळी उघडून काडतुसे काढून घ्या.

ठासणीच्या बंदुकीची तऱ्हा वेगळी. तिच्यात बार भरला आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. विसरून वर दुसरा ठासला की नळी फुटण्याची भीती. यावर जुना, साधा उपाय आहे. नळी रिकामी असताना गज आत सोडायचा आणि तोंडाशी त्यावर खूण करायची. नेहमीचा बार भरून दुसरी खूण. पुढे नुसता गज सोडला की कळते. घोडा पडूनही बार उडाला नाही, तर तोंड मोकळ्या दिशेला धरून निदान दोन मिनिटे थांबा. आत ठिणगी धुमसत असू शकते.

आता ठेवण्याविषयी. पुष्कळ घरांत बंदूक खुंटीला असते आणि काडतुसे खालच्याच फडताळात. बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि किल्ल्या परवानाधारकाच्या अंगावर, अशी व्यवस्था हवी. किल्लीची जागा मुलांना माहीत नाही, असे फक्त मोठ्यांना वाटते. दुनळीचे भाग सुटे होतात. नळी काढून वेगळीच ठेवली तर उत्तम. कोकणच्या हवेत कातडी गवसणीत बंदूक ठेवू नये, ती ओल धरते. काळी दारू वापरली असेल तर नळी गरम पाण्याने धुऊन, सुकवून तेलाचा पातळ हात फिरवावा. आणि पावसाळ्यानंतर पहिला बार काढण्याआधी नळी तपासा. कुंभारीण माशी तिच्यात मातीचे घर करते, आणि बुजलेली नळी फुटू शकते.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलतो. घरात कोणी फार दारू पिऊ लागले, भांडणे हातघाईवर येऊ लागली, किंवा कर्जाने, आजाराने खचून कोणी जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर बंदूक त्याच दिवशी घराबाहेर काढा. असा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. बंदूक हाताशी असली तर ओसरायला वेळ मिळत नाही. खचलेला माणूस स्वतः परवानाधारक असेल, तर किल्ली त्याच्याजवळ असून उपयोग नाही. अशा वेळी त्याला सरळ विचारा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवे काही शिरत नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्यासाठीच आहे.

बंदूक ठेवायची कुठे? पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे. परवानाधारक वारला तरी हाच मार्ग. वारसाच्या नावे परवाना होईपर्यंत वडिलांची म्हणून ती खुंटीला ठेवता येत नाही. निवडणुकीच्या वेळी ती जमा करायला सांगितले, तर नळीला आतून तेल लावून मगच द्या, कारण दोन महिने तिच्याकडे कोणी पाहणार नसते. पावतीवर बंदुकीचा क्रमांक लिहून घ्या. परत घेताना तो परवान्याशी ताडून पाहा, बंदूक तिथेच उघडा, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा आणि मग घरी न्या.