१९४८च्या आधीही त्या होत्या

‘ब्रिटनच्या इस्पितळांत कृष्णवर्णीय परिचारिका आल्या त्या विंडरश जहाजानंतर.’ माहितीपट असो, लेख असो वा भाषण, हे वाक्य ठरलेलं. ते तपासून पाहावं असं मात्र क्वचितच कुणाला वाटतं. ते साफ चूक आहे.

समज कुठून आला, हे कळण्यासारखं आहे. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या ‘एम्पायर विंडरश’ जहाजाचे उतारू २२ जून १९४८ रोजी टिलबरी बंदरात उतरले आणि ५ जुलैला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. परिचारिकांचा तुटवडा होता, म्हणून कॅरिबियन बेटांवर भरती झाली. तेव्हापासून संख्या वाढली, हे खरंच. पण संख्या वाढली त्या वर्षाला सुरुवातीचं वर्ष कसं म्हणायचं?

ॲनी ब्रूस्टर यांचा जन्म सेंट व्हिन्सेंट बेटावरचा. १८८१ मध्ये त्या लंडन हॉस्पिटलात दाखल झाल्या, पुढे नेत्ररुग्णांच्या वॉर्डांच्या प्रमुख झाल्या आणि १९०२ मध्ये वारल्या. म्हणजे विंडरशच्या सेहेचाळीस वर्षं आधी! नायजेरियातल्या अबेओकुटाच्या राजाची मुलगी अडेनरेले अडेमोला गाईज हॉस्पिटलात शिकल्या आणि १९४१ मध्ये नोंदणीकृत परिचारिका झाल्या. युद्धकाळात सरकारने त्यांच्यावर चित्रपटही काढला. कोफोवोरोला प्रॅट १९४६ पासून सेंट थॉमस हॉस्पिटलात शिकत होत्या. आरोग्य सेवा जन्मली तेव्हा त्या तिथेच होत्या.

मग या बायका फार का नव्हत्या? इच्छा नव्हती म्हणून नव्हे. १९३०च्या दशकात अनेक इस्पितळं रंग पाहूनच अर्ज नाकारत. डॉ. हॅरॉल्ड मूडी यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या ‘लीग ऑफ कलर्ड पीपल्स’ने याविरुद्ध आवाज उठवला. १९४८ पासून गोष्ट सुरू केली, की हा नकारही पुसला जातो. मला याचीच जास्त चीड येते.

‘पण तशा नोंदी कुठे आहेत?’ असं विचारतात. परिचारिकांच्या सरकारी नोंदवहीत वर्णाचा रकाना नव्हता. जनगणनेतही वांशिक गटाचा प्रश्न थेट १९९१ मध्ये आला. जन्मस्थान मात्र एकोणिसाव्या शतकापासून लिहिलं जाई. तेवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही, कारण गोऱ्या मळेवाल्यांच्या मुलीही कॅरिबियनमध्येच जन्मत. म्हणून इस्पितळाची दप्तरं, छायाचित्रं, कुटुंबाची कागदपत्रं एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. जेफ्री ग्रीन, स्टीफन बोर्न यांसारख्या अभ्यासकांनी हे चिकाटीचं काम केलं आहे. नोंदीत रंग नाही, याचा अर्थ वॉर्डात माणूस नव्हतं असा होत नाही.

आणखी काही गैरसमज:

‘जमैकाच्या मेरी सीकोल क्रिमियन युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या परिचारिका पथकात होत्या.’ नव्हत्या. त्यांना नकार मिळाला. त्या स्वतःच्या पैशाने क्रिमियाला गेल्या आणि १८५५ मध्ये बालाक्लावाजवळ ‘ब्रिटिश हॉटेल’ उघडलं. नाइटिंगेलचं इस्पितळ काळ्या समुद्रापलीकडे, स्कुतारीला होतं.

‘दुसऱ्या महायुद्धानंतर कृष्णवर्णीय परिचारिका न बोलावता आल्या.’ अनेकींची निवड त्यांच्याच देशात, ब्रिटनने केलेल्या भरतीतून झाली होती.

‘पात्रता कमी, म्हणून खालच्या पदावर राहिल्या.’ तीन वर्षांच्या नोंदणीकृत प्रशिक्षणाला पात्र असलेल्या कितीतरी मुलींना, नीट न सांगता, दोन वर्षांच्या दुय्यम अभ्यासक्रमाला घातलं गेलं. त्या प्रमाणपत्राला मायदेशी मान्यता नव्हती. बढती अडली ती या वाटणीमुळे. त्याचा दोष त्यांच्या गुणवत्तेवर टाकणं आता तरी थांबवावं.