फूल दिसेपर्यंत थांबायचं

अरुणाचल प्रदेशात ऑर्किडच्या पाचशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि यादी अजून वाढतेच आहे. शोध मात्र सोपा नाही: चढ उभे, रस्ते थोडे, पाऊस लांबलचक. पण खरी अडचण वेगळीच. बऱ्याच जातींची खात्रीची ओळख फुलावरूनच पटते. एरवी फांदीवर दिसतो तो नुसता पानांचा झुबका. म्हणून एकच दरी वेगवेगळ्या महिन्यांत पुन्हा पुन्हा पालथी घालावी लागते. शिवाय कितीतरी ऑर्किडं झाडांच्या उंच शेंड्यांवर राहतात. तेव्हा वादळानंतर पडलेल्या फांद्या म्हणजे अभ्यासकांना घबाडच!

जपणूक त्याहून किचकट. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतोच. रानात ते रुजायला योग्य बुरशीची साथ लागते. पश्चिम कामेंग जिल्ह्यातल्या टिपीच्या ऑर्किड केंद्रात रोपं वाढवतात, जवळच सेसाचं ऑर्किड अभयारण्यही आहे. तरी कुंडीतलं रोप म्हणजे रान नव्हे. दुर्मीळ जातीची नेमकी जागा जाहीर न करणंच शहाणपणाचं, कारण चोरटे संग्राहकही अहवाल वाचतात.

आणि या राज्याचं राज्यफूल? आपल्या सह्याद्रीतही फुलणारं ऑर्किड, सीतेची वेणी.