जुनी रायफल आणि तिच्यावरचे शिक्के

ज्याचा जन्म कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात गेला, त्याने बंदुकीवर का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. शाळेत असताना एन.सी.सी.च्या कवायतीत माझ्या खांद्यावर एक थ्री-नॉट-थ्री आली. तिच्यावर डी.पी. अशी अक्षरे ठोकलेली होती. उस्तादांना अर्थ विचारला. ते म्हणाले, "ही कवायतीची. उडवायची नाही." वरून पाहावे तर शेजारच्या धडधाकट रायफलीपेक्षा माझीच अधिक चकचकीत! पुढे एका कारखान्यात 'ओव्हरहॉल' केलेला म्हणून आणलेला प्रेस पाहिला. हिरवा रंग ओला वाटावा इतका ताजा होता, पण आतली क्लचची चावी झिजलेली तशीच होती. आमच्या एका जोडीदाराची दोन बोटे त्यात गेली. तेव्हापासून दुरुस्ती म्हटली की मी आधी रंगाखाली काय आहे ते पाहतो. लष्करात फिटर असलेल्या एका वृद्ध स्नेह्याकडून आणि पुस्तकांतून जे शिकलो, ते सांगतो.

थ्री-नॉट-थ्री म्हणजे ली-एनफिल्ड. तिचा मार्क तीन हा नमुना १९०७ सालचा. पहिल्या महायुद्धात काम झपाट्याने व्हावे म्हणून १९१६ मध्ये त्यातले काही भाग गाळले आणि नावापुढे एक तारा जोडला. इंग्लंडात ती होई, ऑस्ट्रेलियात होई, आणि आपल्याकडे बंगालमध्ये ईशापूरच्या कारखान्यात होई. हे हत्यार फार चिवट. २००८ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला तेव्हाही काही पोलिसांच्या हाती तीच होती; उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या जानेवारीत. इतकी वर्षे जगलेली रायफल एकदाही दुरुस्तीला गेली नसेल, हे संभवत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने हा बोअर सामान्य नागरिकाला वर्ज्य आहे. परंतु इंग्लंड, अमेरिका, कॅनडा येथे लष्कराने काढून टाकलेल्या रायफली परवान्याने वा तेथील नियमांनुसार विकल्या जातात, आणि त्यांत ईशापूरच्याही पुष्कळ आहेत. तेव्हा घेणाऱ्यापुढे प्रश्न असा की, ही जशी कारखान्यातून निघाली तशी आहे, की मागाहून नवी केलेली आहे? आणि केली असेल तर कोणी?

दस्ता ज्या पोलादी खोबणीत बसतो, तिच्या उजव्या बाजूस राजमुकुट, कारखान्याचे नाव, साल आणि नमुना असतो. पुष्कळ लोक एवढेच वाचून थांबतात. नळीवर मात्र तिचे स्वतःचे साल असते. खोबणीवर १९१७ आणि नळीवर १९४२ असेल, तर मधे केव्हा तरी नळी बदलली, हे उघड आहे. अनुक्रमांक एका जागी नसून अनेक जागी असतो: मुख्य पोलादी सांगाड्यावर, नळीवर, बोल्टच्या मुठीमागे, नेमाच्या पट्टीवर, पुढच्या लाकडाच्या टोकाशी. हे सगळे जुळतात का ते पाहावे. जुना आकडा आडव्या रेघेने खोडून शेजारी नवा ठोकलेला दिसला, तर काळजीचे कारण नाही. सरकारी कारखान्यात असेच करीत. ज्या कामगाराने तो भाग बदलला त्याने जुने लपवले नाही. काळजी तेव्हा करावी, जेव्हा आकड्याखालची जागा कानशीने घासून किंचित खोलगट झालेली असते.

इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर फाझाकर्लीच्या कारखान्यात अशा पुष्कळ रायफली उलगडून पुन्हा बांधल्या. या कामाला 'फॅक्टरी थरो रिपेअर' म्हणत, आणि एफ.टी.आर. ही तीन अक्षरे सालासह रायफलीच्या डाव्या अंगावर ठोकत. ईशापूरची खूण आणखी निराळी. पुढचे लाकूड चिरू नये म्हणून त्यातून एक आडवा स्क्रू घालीत. इंग्लंडात झालेल्या रायफलीत हा स्क्रू दिसला, की ती हिंदुस्थानात येऊन बरी होऊन गेली असे समजावे. ईशापूरच्या दुरुस्तीत काळा रंगही सर्रास देत, म्हणून नुसता रंग पाहून नाक मुरडू नये. मला तर अशा रायफलीविषयी आदर वाटतो. संग्राहक 'मूळची' वस्तू शोधतात आणि दुरुस्तीची किंमत कमी धरतात. ज्यांनी हातांनी काम केले त्यांना हे पटणे कठीण आहे.

दुकानदाराने केलेली सजावट वेगळी ओळखता येते. धातू बाजूच्या उजेडात धरावा. निळसर-काळ्या थराखाली गंजाचे बारीक खड्डे दिसले, तर आधी गंज आणि मग लेप, हा क्रम नक्की. जोराने पॉलिश केले की ठोकलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात. लाकूड घासले की त्यावरचे शिक्के पुसट होतात, आणि जिथे लाकूड धातूच्या किंचित वर असायचे तिथे ते खाली बसते. नीट बसवलेला लाकडाचा तुकडा मात्र शस्त्रागारातल्या सुताराचे काम असतो.

आता जीवाशी गाठ असलेली गोष्ट. बोल्टचे तोंड आणि नळीची मागची कड यांच्यामध्ये काडतुसाची किनार बसते. ही फट ०.०६४ इंचाहून कमी आणि ०.०७४ इंचाहून अधिक असता कामा नये. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घातला की हे माप बिघडू शकते. फट फार वाढली तर पितळी काडतूस फाटते आणि पेटलेला वायू उडवणाऱ्याच्या तोंडावर येतो. नंबर चार या नमुन्यासाठी बोल्टची डोकी शून्य ते तीन अशा क्रमांकांची करीत, क्रमांक वाढेल तशी लांबी वाढे. मापाच्या गेजावाचून हे डोळ्यांना कळत नाही. बोल्टवरचा आकडा सांगाड्याच्या आकड्याशी जुळत नसेल, तर रायफल जाणत्या कारागिराकडे गेल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नये.

आणि डी.पी. काही ठिकाणी ही अक्षरे भरून, घासून, वर रंग देऊन तीच रायफल उडवण्याची म्हणून विकली गेली आहे. सांगाड्यावर आणि नळीच्या मागच्या भागावर नखाने चाचपावे. बुजवलेले भोक असेल तर नखाला कड लागते. लाकूड उतरवून नळीची खालची बाजूही पाहावी, कारण तिथवर रंगाचा ब्रश सहसा पोचलेला नसतो.